शेत कोरडं, पण धरण भरलेलं!

दोस्तांनो,

गेल्या आठवड्यात एक जाडजूड पाकीट आलं. नेवासा तालुक्यातल्या एका गावाहून. पाठवणारी मुलगी नववीतली. ‘माझं नाव छापू नका, वर्गातली मुलं हसतील’ असं तिनं वरच ठळक अक्षरांत लिहिलंय. म्हणून नाव सांगत नाही. पण पत्रातली गोष्ट मात्र सांगतो, कारण ती तुमच्यापैकी कुणावरही येऊ शकते.

तिच्या शाळेच्या वाचनालयात ११४० पुस्तकं आहेत. जुनं रजिस्टर फाटलेलं, निम्मी पानं कसरीनं खाल्लेली. मग हिनं आणि हिच्या दोन मैत्रिणींनी दिवाळीची सुट्टी खर्च केली. एकीनं कपाटातून पुस्तक काढायचं, दुसरीनं नाव, लेखक, किंमत वाचायची आणि हिनं कॉम्प्युटरवर टाइप करायचं. बोटं दुखली, पण सगळी पुस्तकं चढली. पुस्तक देण्या-घेण्याचा प्रोग्रॅमही हिनं स्वतः लिहिला. जावास्क्रिप्टमध्ये! दोन महिने सगळं झकास चाललं.

आणि एका सोमवारी पडद्यावर पुस्तकांच्या यादीऐवजी इंग्रजीतली एक लांबलचक ओळ आली. यादी गायब. सरांचा चेहरा पडला. ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, “तरी सांगत होतो, वहीच बरी!” पुण्याच्या मावसभावाला फोन केला, तर तो म्हणाला, “जुनं सगळं पुसून टाक, डेटाबेस नव्यानं बसव, मग चालेल.”

पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता : “काका, पुसू का?”

मी चहाचा कप तसाच ठेवला आणि शाळेच्या नंबरावर फोन लावला. सरांनी तिला बोलावून घेतलं.

“काका, सगळं गेलं का हो?” आवाज रडवेला.

“पुसलंस का काही?”

“नाही अजून. तुमच्या उत्तराची वाट बघत होते.”

“शाब्बास! मग बहुतेक काहीही गेलेलं नाही. आधी मला एक सांग, तुमच्या शेताला पाणी कुठून येतं?”

ती गोंधळली. तुम्हीही गोंधळलात ना? थांबा, सांगतो.

पाणी कुठं अडलं?

आपल्या जिल्ह्यात राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा नदीवर मोठं धरण आहे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर म्हणतात. तिथून उजवा कालवा निघतो आणि नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडच्या शेतांना पाणी पोहोचवतो. कालव्यातून चारी, चारीतून पोटचारी, पोटचारीतून आपलं शेत. आवर्तन सुटलं की ज्याची पाळी असेल त्यानं दारं धरायची.

आता समजा, तुमची पाळी आहे आणि शेतात पाण्याचा थेंब नाही. बाबा काय करतात? बॅटरी घेऊन आधी आपल्या बांधावर जातात. बारं बुजलंय का बघतात. मग पोटचारी. मग चारीचं दार. मग पाटकऱ्याला विचारतात. शेत कोरडं दिसलं म्हणून ‘धरण फुटलं!’ असं कुणी ओरडत नाही. आणि कुदळ घेऊन धरण खणायला तर मुळीच जात नाही!

कॉम्प्युटरचंही अगदी तस्संच आहे, बरं का. आपल्या पत्रलेखिकेचा प्रोग्रॅम म्हणजे शेत. पुस्तकांच्या नोंदी साठवणारा डेटाबेस म्हणजे धरण. दोन्ही वेगवेगळी आहेत. एकाच कॉम्प्युटरवर असली तरीही वेगळी! मधला रस्ता अडला की पडद्यावर यादी दिसत नाही. पण यादी न दिसणं आणि यादी नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मावसभावाचा सल्ला ऐकला असता, तर तिनं पाण्यासाठी धरणच पाडलं असतं. मग मात्र दिवाळीची सुट्टी खरोखरच वाया गेली असती.

दोन गडी, एक काम

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली. पहिला नमुना तर अवघ्या दहा दिवसांत! तेव्हा तिचं काम होतं इंटरनेटवरची पानं हलती-बोलती करणं, म्हणजे ब्राउझरच्या आत राहणं. २००९ साली रायन डाल यांनी ‘नोड’ नावाची गोष्ट काढली आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर पडून सर्व्हरवरही सर्रास चालू लागली. आपल्या मैत्रिणीचा प्रोग्रॅम याच नोडवर चालतो.

नोंदी ठेवायला तिनं ‘पोस्टग्रेस’ नावाचा डेटाबेस घेतलाय. तो फुकट मिळतो आणि जगभर वापरतात. ‘मायएसक्यूएल’, ‘मोंगोडीबी’ ही त्याचीच भावंडं. नोडला यादी हवी असली की तो पोस्टग्रेसकडे जातो. पण जाताना त्याला पाच गोष्टी माहीत असाव्या लागतात : कॉम्प्युटरचा पत्ता, दाराचा नंबर, आपलं नाव, पासवर्ड आणि कुठला डेटाबेस हवा ते.

दाराच्या नंबराला ‘पोर्ट’ म्हणतात. एका कॉम्प्युटरला अशी हजारो दारं असतात. पोस्टग्रेस नेहमी ५४३२ नंबरच्या दाराशी बसतो, मायएसक्यूएल ३३०६ आणि मोंगोडीबी २७०१७. हे ठरलेले नंबर, पण कुणी मुद्दाम बदललेही असू शकतात.

ओळ वाचा, घाबरू नका

“आता ती इंग्रजी ओळ मला अक्षर अक्षर वाचून दाखव,” मी म्हटलं.

तिनं वाचली. त्यात एक लांब शब्द होता, ‘ईकॉनरिफ्यूज्ड’. आणि पुढं १२७.०.०.१ आणि ५४३२.

आपण असा संदेश आला की घाबरून खिडकी बंद करतो. मुलांनो, तसं करू नका. तो संदेश म्हणजे रागावणं नाही, ती रस्त्यावरची पाटी आहे! हा शब्द फोडून बघा. ‘ई’ म्हणजे एरर, चूक. ‘कॉन’ म्हणजे कनेक्शन, जोडणी. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे नाकारली. १२७.०.०.१ म्हणजे ‘हाच कॉम्प्युटर’. म्हणजे पाटी सांगते : ‘मी याच कॉम्प्युटरच्या ५४३२ नंबरच्या दाराशी गेलो. घर सापडलं, दार सापडलं. पण आत कुणी नाही, म्हणून परत आलो.’

बघा, एका ओळीत किती कळलं! पत्ता बरोबर आहे. पासवर्डचा प्रश्नच नाही, कारण पासवर्ड विचारायलाही तिथं कुणी नव्हतं. राहिल्या दोनच शक्यता : एकतर पोस्टग्रेस झोपलाय, नाहीतर तो दुसऱ्या दाराशी बसलाय.

“आता तुझा प्रोग्रॅम बाजूला ठेव,” मी म्हटलं. “पोस्टग्रेसबरोबर ‘पीएसक्यूएल’ नावाची काळी खिडकी येते. तिच्यातून थेट त्याच पत्त्यावर, त्याच दाराशी जाऊन बघ.”

तिनं पाहिलं. तिथूनही तेच उत्तर.

“म्हणजे माझ्या प्रोग्रॅमची चूक नाही?” आवाजात जरा जीव आला.

“नाही! दोघांनीही दार वाजवलं आणि दोघांनाही ओ आली नाही, मग चूक दार वाजवणाऱ्याची कशी?”

ही युक्ती लक्षात ठेवा. दोन गोष्टी मिळून काम बिघडलं असेल, तर त्यातली एक बाजूला काढून दुसरी एकटी तपासायची. निम्मा शोध तिथंच संपतो.

मग आम्ही विंडोजमधली ‘सर्व्हिसेस’ची यादी उघडली. कॉम्प्युटर सुरू झाला की मागच्या मागे कोणती कामं चालतात ते त्यात दिसतं. पोस्टग्रेसच्या नावापुढं ‘चालू’ लिहिलेलंच नव्हतं. आणि त्याच्या पुढं लिहिलं होतं, ‘मॅन्युअल’. म्हणजे कुणी हातानं सुरू केलं तरच उठणार!

थोडी चौकशी केल्यावर उलगडा झाला. महिनाभरापूर्वी ‘कॉम्प्युटर फार हळू चालतो’ म्हणून कुणीतरी नको त्या सर्व्हिसेस बंद करताना याचीही कळ फिरवली होती. तेव्हा पोस्टग्रेस चालूच होता, म्हणून कुणाला कळलं नाही. रविवारी वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला. सोमवारी सगळे उठले, हा मात्र झोपून राहिला. चूक महिन्यापूर्वीची, रडू सोमवारचं! म्हणूनच ‘काल चालत होतं, आज का नाही?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘मध्ये काय काय बदललं?’ हेही विचारावं लागतं.

तिनं ‘सुरू करा’चं बटण दाबलं, ‘मॅन्युअल’चं ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि आपला प्रोग्रॅम उघडला.

फोनवर आधी शांतता. मग तिकडे तिघी एकदम ओरडल्या. ११४० च्या ११४० पुस्तकं जागेवर!

वीज गेली, तरी नोंद कशी राहिली?

तुमच्यातल्या चौकस मुलांना शंका आली असेल. वीज अचानक गेली, तर अर्धवट लिहिलेल्या नोंदीचं काय?

किराणा दुकानात आजोबांच्या वयाचे दुकानदार हिशेब कसा ठेवतात ते पाहिलंय? आधी रोजकीर्द. जे घडलं ते लगेच, त्याच क्रमानं लिहायचं. मग सवडीनं त्याची खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणी. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते.

पोस्टग्रेस नेमकं हेच करतो! बदल आधी एका रोजकीर्दीत पक्का लिहितो, आणि मगच ‘झालं’ म्हणून सांगतो. वीज गेली तर पुढच्या वेळी उठल्यावर रोजकीर्द वाचून राहिलेली खतावणी पुरी करतो. आहे की नाही हुशार?

बाकीच्या पाट्या

आपल्या मैत्रिणीला एकच पाटी दिसली. पण तुम्हाला दुसऱ्याही दिसतील. म्हणून त्या इथं देतो. हे पान कापून वहीत चिकटवा.

पहिली पाटी, ‘ईनॉटफाउंड’. म्हणजे त्या नावाचा कॉम्प्युटरच सापडला नाही. बहुतेक वेळा नाव लिहिताना अक्षर चुकलेलं असतं, किंवा नाव बदललेलं असतं. आपल्या जिल्ह्याचंच बघा ना. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पत्रावर जुनं नाव घातलं तरी पोस्टमनकाका समजून घेतात. कॉम्प्युटर समजून घेत नाही! सर्व्हरचं नाव बदललं आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये जुनंच राहिलं, तर तो ‘असं कुणी नाही’ म्हणून मोकळा होतो.

दुसरी पाटी, ‘ईटाइम्डआउट’. दार वाजवलं, पण ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. वाट पाहून पाहून नोड परत आला. अशा वेळी केबल निघालीय का, वाय-फाय चालू आहे का, पत्त्याचे आकडे बरोबर आहेत का ते बघा. मध्ये फायरवॉल नावाचा पहारेकरी असेल, तर तोही निरोप गपचूप अडवून ठेवतो.

तिसरी पाटी, ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’. ही पाटी दिसली तर खरं म्हणजे आनंद माना! पत्ता बरोबर, दार बरोबर, आत पोस्टग्रेस जागा आहे. फक्त नाव किंवा पासवर्ड चुकलाय. तिचीच एक बहीण आहे. ती म्हणते, ‘क्लायंट पासवर्ड मस्ट बी अ स्ट्रिंग’. म्हणजे पासवर्ड चुकीचा नाही, पासवर्ड पोहोचलाच नाही! पासवर्ड ज्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिलाय, ती फाइल प्रोग्रॅमनं वाचलीच नसते. फाइलचं नाव, जागा आणि प्रोग्रॅममधली ती वाचण्याची ओळ तपासा.

चौथी पाटी जरा फसवी आहे. डेटाबेस चालू आहे, पण तरीही ‘ईकॉनरिफ्यूज्ड’ येतं आणि पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ ऐवजी ::१ दिसतं. ‘हाच कॉम्प्युटर’ याला इंग्रजीत ‘लोकलहोस्ट’ म्हणतात. या एका नावाचे पत्ते दोन आहेत, एक जुन्या पद्धतीचा आणि एक नव्या. पूर्वी नोड आधी जुना पत्ता घ्यायचा. २०२१ साली आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून, कॉम्प्युटर जो पत्ता आधी देईल तो नोड घेऊ लागला. डेटाबेस जुन्या दाराशी बसलेला आणि नोड नव्या दाराशी उभा! त्या वेळी भल्याभल्यांनी डोकं धरलं. २०२३ च्या २० व्या आवृत्तीपासून तो दोन्ही दारं वाजवून बघतो. तुमच्याकडे मधली आवृत्ती असेल, तर ‘लोकलहोस्ट’ऐवजी सरळ १२७.०.०.१ लिहा.

गर्दी झाली तर?

आता शेवटची पाटी, ‘टू मेनी क्लायंट्स’. म्हणजे गर्दी!

पोस्टग्रेस एका वेळी किती जणांशी बोलेल, याला मर्यादा असते. कुणी बदलली नसेल तर १००. मायएसक्यूएलची १५१. म्हणून प्रोग्रॅम काय करतो, मोजक्याच जोडण्या उघडून ठेवतो आणि त्या पाळीपाळीनं वापरतो. याला ‘पूल’ म्हणतात. नोडमधून पोस्टग्रेसशी बोलण्यासाठी जो नेहमीचा पूल वापरतात, त्यात मुळात १० जोडण्या असतात.

पाळी आली, पाणी घेतलं, दार सोडलं, की पुढच्याला मिळतं. पण एखाद्यानं दार सोडलंच नाही तर? प्रोग्रॅममध्ये जोडणी घेतली आणि परत करायला विसरलात, तर दहा जणांनंतर अकरावा नुसता ताटकळत राहतो. पडद्यावर पाटीसुद्धा येत नाही. यादी येतही नाही आणि चूकही दिसत नाही. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये जिथं जिथं जोडणी घेतली, तिथं तिथं ती सोडलीय का ते बघा. मध्ये काही चूक झाली तरी सुटली पाहिजे, अशी सोडा.

गर्दीनं काय होतं, हे तुमच्या ताई-दादांना विचारा. १६ जुलै २०२१ ला दुपारी १ वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळे उत्सुकता दुप्पट. पंधरा लाखांहून जास्त मुलं आणि त्यांचे आई-बाबा एकदम निकाल बघायला धावले, आणि संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. घरोघरी रडारड झाली. पण निकाल कुठं गेला होता का? मुळीच नाही! तो आपल्या जागी होता. गर्दी ओसरल्यावर सगळ्यांना दिसला. शेत कोरडं होतं, धरण भरलेलं होतं.

आता थोडं रागावतो

आपल्या मैत्रिणीनं पत्रात सगळी माहिती नीट दिली. पडद्यावरची ओळ लिहिली, कधीपासून बिघडलं ते लिहिलं. पण त्याबरोबर डेटाबेसचा पासवर्डही लिहून पाठवला! मी तो काळ्या शाईनं खोडला आणि फोन ठेवण्याआधी पहिलं काम तिला तेच सांगितलं, “पासवर्ड बदल.” मदत मागताना संदेश पूर्ण सांगा, पासवर्ड कधीही सांगू नका. मला तर नाहीच, मावसभावालाही नाही. प्रोग्रॅमच्या ओळींतही लिहू नका. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि ती फाइल कुणाला पाठवायची नाही.

दुसरं काम सांगितलं ते नकलेचं. ‘पीजी डम्प’ नावाच्या सोयीनं सगळ्या नोंदींची नक्कल काढता येते. दर शनिवारी शाळा सुटताना ती पेनड्राइव्हवर घ्यायची आणि पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या शेजारी न ठेवता सरांच्या कपाटात ठेवायचा. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती नक्कल उघडूनही बघायची. न उघडता येणारी नक्कल काय कामाची?

आणि पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. त्या सोमवारी त्या पोरीला तीन जणांनी तीन गोष्टी ऐकवल्या. एकानंही ‘पडद्यावर काय लिहिलंय?’ असं विचारलं नाही. मुलांच्या हातून काही बिघडलं की आपण आधी ‘काय केलंस?’ म्हणतो. त्याऐवजी ‘काय दिसतंय?’ म्हणून बघा. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसलं तरी चालेल. मूल वाचून दाखवता दाखवता स्वतःच उत्तर शोधतं. त्या दिवशी फोनवर मी तरी काय केलं? प्रश्न विचारले. शोधलं तिनंच.

बरं, आता तुमचा गृहपाठ. घरात एखादी वस्तू बंद पडली, टेबलफॅन म्हणा, नळ म्हणा, की लगेच ‘बिघडला’ म्हणू नका. ती वस्तू कुठून कुठून जोडलीय त्याचं चित्र काढा. प्रत्येक जोडापाशी काय तपासाल ते लिहा आणि चित्र मला पाठवा. विजेच्या वस्तूला हात मात्र मोठ्यांनाच लावू द्या, बरं का!

आणि हो, पत्र पाठवणाऱ्या माझ्या नेवासेकर मैत्रिणी, तू पुसण्याआधी विचारलंस, म्हणून ११४० पुस्तकं वाचली. आता वर्गात नाव सांगायला हरकत नाही. कुणी हसणार नाही!

तुमचा,
कॉम्प्युटरकाका